कृपेची वतनदारी

२४ फेब्रुवारी १४३१ या दिवशी फ्रान्समधल्या रूआँच्या किल्ल्यात जोन ऑफ आर्कला तिच्या न्यायाधीशांनी एक प्रश्न विचारला: तू देवाच्या कृपेत आहेस असं तुला वाटतं का? समोर बिशप पिएर कोशों आणि पॅरिस विद्यापीठात मुरलेले धर्मपंडित. उत्तर द्यायला जेमतेम एकोणीस वर्षांची, अक्षरओळख नसलेली शेतकऱ्याची पोर. प्रश्नाला दोनच तोंडं होती आणि दोन्हीकडे फास होता. ‘आहे’ म्हणावं, तर आपण कृपेत आहोत हे कोणाही माणसाला स्वतःच्या बळावर खात्रीने कळत नाही ही चर्चची शिकवण मोडली. ‘नाही’ म्हणावं, तर पापाची कबुली आयतीच मिळाली. जोनने तिसरीच वाट काढली. कृपेत नसेन तर देवाने मला तिथे न्यावं आणि असेन तर तिथेच राहू द्यावं, अशा अर्थाचं उत्तर तिने दिलं. विचारणारे अवाक झाले, असं त्या खटल्याच्या एका लेखनिकाने पुढे साक्षीत सांगितलं.

बहुतेकांना ही हकिगत इथपर्यंतच ठाऊक असते. खरी गंमत सुमारे अडीच आठवड्यांनंतर आहे. १४ मार्चच्या तपासणीत तीच जोन म्हणाली, की आपला उद्धार होणार हे आपल्याला ऐकू येणाऱ्या संतांच्या वाणीने सांगितलं आहे आणि जणू आपण स्वर्गात पोचलोच आहोत इतका आपला त्यावर विश्वास आहे. मग तुझ्या हातून आता घोर पाप होणारच नाही असं समजतेस काय? ते मला ठाऊक नाही, सगळं देवावर सोपवलंय. इतकी खात्री आहे तर पापनिवेदन कशाला करतेस? मन कितीही घासलं तरी जास्त घासलं असं होत नाही, हा तिच्या उत्तराचा आशय. पंडितांनी यातली फक्त खात्री उचलली, आरोपपत्रात नोंदवली आणि तिच्यावर उद्धट, अविचारी धाडसाचा शिक्का मारला. ३० मे रोजी तिला जिवंत जाळलं. १४५६ साली चर्चनेच तो निवाडा रद्द केला आणि १९२० मध्ये तिला संत म्हणून घोषित केलं. ज्या खोलीत ‘देवाला गृहीत धरणं’ या पापाची झडती चालली होती, तिथे ते पाप नक्की कुठल्या बाजूला बसलं होतं? ते जोनच्या बाजूला नव्हतं, असं माझं मत आहे. का नव्हतं, हे नीट पाहिलं तर या पापाचं स्वरूपच हाती लागतं.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या पापाला लॅटिनमध्ये ‘प्रेझुम्प्सिओ’ म्हणतात. शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो आधीच घेऊन टाकणं. मराठीतलं ‘गृहीत’ही ग्रहण केलेलं, घेतलेलं याच अर्थाचं. जे द्यायचं की नाही, केव्हा द्यायचं, हे देणाऱ्याच्या हातात आहे, ते हातात पडण्याआधीच आपलं म्हणून मोजणं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या पापाची चर्चा आशा या सद्गुणाच्या प्रकरणात केली, ही त्याची जागा मला फार नेमकी वाटते. नैराश्य जसं आशेच्या विरुद्ध, तसंच हेही. निराश माणूस म्हणतो, मला काही मिळणार नाही. गृहीत धरणारा म्हणतो, मला ते मिळालेलंच आहे. वाट पाहणं दोघांनीही थांबवलेलं असतं. कॅथलिक शिकवण याचे दोन प्रकार सांगते. एकात माणूस आपल्याच पुण्याईवर तरून जाऊ असं मानतो. दुसऱ्यात तो देवाच्या दयेवर विसंबून पश्चात्तापाशिवाय क्षमा मिळेल असं धरून चालतो. पहिला प्रकार ओळखायला सोपा, त्याच्यावर प्रवचनंही पुष्कळ होतात. दुसरा जास्त धोक्याचा, कारण तो श्रद्धेच्याच पेहरावात येतो. देव दयाळू आहे हे त्यातलं वाक्य खरंच असतं. खोटी असते ती त्या वाक्यावर बसवलेली वतनदारी: एकदा सनद मिळाली, आता पिढ्यान् पिढ्या कोण काढून घेणार?

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि खाली उडी टाक म्हणतो. त्यासाठी तो धाक घालत नाही, लालूचही दाखवत नाही. तो शास्त्र काढतो. एक्क्याण्णवाव्या स्तोत्रात देवदूत भक्ताला हातांवर झेलतील, त्याच्या पायाला दगडाची ठेच लागू देणार नाहीत, असं आश्वासन आहे, त्याचा तो दाखला देतो. दाखला चुकीचा नाही. पण ठेच लागते ती चालणाऱ्याला. कड्यावरून उडी घेणाऱ्याच्या बाबतीत ठेचेची भाषा कोणी करत नाही. स्तोत्रातलं आश्वासन आपल्या वाटेने निघालेल्या माणसासाठी होतं, सैतानाने त्याची हमीची पावती केली आणि ती वटवून बघ म्हणाला. येशूने उत्तर दिलं ते मोशेच्या ग्रंथातून, की देवाची परीक्षा पाहायची नसते. त्या आज्ञेमागे रानातली जुनी आठवण आहे: पाणी मिळेना तेव्हा इस्राएली लोकांनी, देव आमच्यात आहे की नाही ते आत्ताच दिसू दे, असा हट्ट धरला होता. भरवसा आणि हमी यांतला फरक इथे उघडा पडतो. भरवसा माणसावर असतो, हमी कागदावर. कागद हातात आला की माणसाची गरज उरत नाही. अमेरिकेत टेनेसी भागात जॉर्ज वेंट हेन्सली नावाच्या प्रचारकाने मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आलेल्या सर्पांच्या उल्लेखावरून भक्तांच्या हाती विषारी साप देण्याची चाल पाडली. १९५५ साली फ्लोरिडात सभेतच त्याला साप चावला, त्याने डॉक्टर नाकारला आणि तो मेला. अशा उदाहरणांना हसणं सोपं आहे. पण मंदिराच्या शिरोभागी साप नसतात, तिथे नुसतं उभं राहूनही हे पाप करता येतं.

यिर्मया संदेष्ट्याला हेच दिसलं होतं. गरिबांना नाडायचं, परक्याला, विधवेला, अनाथाला छळायचं, चोरी-व्यभिचार करायचा आणि मग मंदिरात येऊन आम्ही सुरक्षित म्हणायचं, यावर तो तुटून पडतो, आणि पूर्वी शिलो इथल्या पवित्र स्थानाचं काय झालं ते जाऊन पाहा असं सांगतो. बाप्तिस्मा देणारा योहान धर्मपुढाऱ्यांना बजावतो, की अब्राहाम आमचा बाप आहे अशी शेखी मिरवू नका. देव या दगडांतूनही अब्राहामाला मुलं देऊ शकतो. वतन खालसा होऊ शकतं हे या परंपरेने वारंवार सांगितलं. ज्यांना सांगितलं, ते वारंवार वतनदारासारखेच वागले.

इतिहासात याचं सर्वांत बोलकं चित्र मला दिसतं ते १६५० च्या स्कॉटलंडमध्ये. एका बाजूला ऑलिव्हर क्रॉमवेलचं इंग्लिश सैन्य, दुसऱ्या बाजूला स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळीचं. दोन्हीकडे तेच बायबल, तीच स्तोत्रं, कॅल्व्हिनच्याच शाळेचं शिक्षण. ३ ऑगस्टला क्रॉमवेलने स्कॉटिश धर्मपुढाऱ्यांना पत्र लिहिलं आणि, तुमचंही चुकत असेल एवढी शक्यता तरी मनात धरा, असं ख्रिस्ताच्या करुणेची शपथ घालून कळवळून विनवलं. पुढाऱ्यांना स्वतःच्या सैन्यातला अपवित्रपणा जास्त खुपत होता. छावणीत एकाने पाप केलं तर सगळं सैन्य हरतं, ही यहोशवाच्या पुस्तकातली आखानाची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. गिदोनाने देवाच्या सांगण्यावरून हजारो सैनिक घरी धाडून तीनशे निवडले, हीसुद्धा. त्यांनी सैन्याची चाळणी केली. श्रद्धेत कमी पडणारे सुमारे ऐंशी अधिकारी आणि तीन हजारांच्या आसपास शिपाई काढून टाकले. यात लढाईचा अनुभव असलेले पुष्कळ होते. तरीही संख्येने आणि जागेने स्कॉट सैन्य वरचढ होतं; डनबारजवळच्या डून टेकडीवर ते ठाण मांडून होतं आणि खाली समुद्राकडे पाठ केलेलं इंग्लिश सैन्य आजारपणाने, उपासमारीने खंगलेलं. २ सप्टेंबरला स्कॉट टेकडी सोडून खाली उतरले. रात्रभर पाऊस पडला. ३ सप्टेंबरच्या पहाटे क्रॉमवेलने हल्ला केला आणि काही तासांत खेळ आटोपला. त्याने पाठलागाआधी सैन्याला थांबवून एकशे सतरावं स्तोत्र म्हणायला लावलं. ते सगळ्यांत छोटं आहे, दोनच ओव्यांचं. हजारो कैदी दक्षिणेकडे हाकत नेले, डरहमच्या कॅथेड्रलमध्ये कोंडले. भुकेने आणि हगवणीने ते पटापट मेले. त्यांतल्या काहींचे सांगाडे २०१३ साली कॅथेड्रलजवळच्या बांधकामात सापडले.

पराभवातून स्कॉट मंडळीने कोणता धडा घ्यावा? उपासाचे दिवस जाहीर झाले, देवाच्या कोपाची कारणं लिहून काढली गेली, आणि त्यांतल्या कडव्या गटाचा निष्कर्ष असा होता की चाळणी पुरेशी बारीक नव्हती. गृहीत धरण्याची ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: अशा माणसाला कुठलीच घटना खोटं पाडू शकत नाही. जिंकलो तर देव आमचा, हरलो तरी देव आमचाच, फक्त आमच्यातले काही देवाचे नव्हते. पण क्रॉमवेलला यातून सोडून देता येत नाही. दुसऱ्यांना ‘तुमचंही चुकत असेल’ हे लिहिणाऱ्या या माणसाने वर्षभरापूर्वी आयर्लंडमध्ये द्रोहेडाची कत्तल करून तिला देवाचा न्यायनिवाडा म्हटलं होतं. डनबारनंतर तर विजय म्हणजे ईश्वरी कौल हे समीकरण त्याच्या मनात पक्कं बसलं. १६५५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावरची त्याची मोहीम साफ फसली, तेव्हा बातमी ऐकून तो खोलीत दार लावून बसला असं सांगतात. मग प्रश्न सुरू झाला: छावणीतला आखान कोण? विजयाला कौल मानलं की पराजयालाही मानावं लागतं, आणि मग सरदाराची चूक, रोगराई, कुजलेलं धान्य यांचा हिशेब करण्याऐवजी पाप्याचा शोध सुरू होतो. येशूने हा दरवाजा स्वतः बंद केला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, त्यांचा दाखला देऊन त्याने विचारलं की ते यरुशलेममधल्या इतरांहून जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि नाही असं उत्तरही दिलं. विसाव्या शतकात जर्मनीतल्या ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीने हिटलरला सत्तेवर आणणाऱ्या १९३३ च्या सत्तांतरात देवाचा हात पाहिला, तेव्हा तोच दरवाजा पुन्हा उघडला गेला. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफरने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ या नावाने ज्या गोष्टीवर बोट ठेवलं ती याच घरातली: शिष्य न होता क्षमा, क्रूस न उचलता तारण.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो मार्टिन ल्यूथरच्या बाजूने येतो. देवाने वचन दिलं आहे ना? मग त्यावर शंका घेणं हीच देवाची अप्रतिष्ठा नाही का? उलट खात्री बाळगणं हीच खरी श्रद्धा. १५४७ च्या जानेवारीत त्रेंतच्या धर्मसभेने अशा खात्रीला पोकळ म्हटलं आणि कोण निवडलेला आहे हे विशेष प्रकटीकरणाशिवाय कळत नाही असं ठरवलं; त्यावरून युरोप किती दुभंगला हे सर्वश्रुत आहे. या वादात एक बाजू निवडायची गरज मला दिसत नाही, कारण ल्यूथरचं बोट वचन देणाऱ्याकडे होतं, वचन घेणाऱ्याच्या खिशाकडे नव्हतं. विश्वासणाऱ्याला आता धर्मनियमांचा उपदेश नकोच असं ल्यूथरचाच सहकारी योहान आग्रिकोला मांडू लागला, तेव्हा १५३० च्या दशकाच्या अखेरीस ल्यूथरच त्याच्यावर तुटून पडला. इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी १६४० च्या दशकात वेस्टमिन्स्टरला जे मतपत्र तयार केलं, त्यात तारणाची खात्री मिळू शकते हे मान्य आहे आणि ढोंग्यांची खात्री पोकळ असते हेही त्याच कलमात आहे. फरक खात्रीच्या प्रमाणाचा नाहीच. जोनची खात्री कुणाहून कमी नव्हती, पण ती पापनिवेदनाला जात राहिली. खातं चालू होतं.

दुसरा आक्षेप करुणेचा आहे. गृहीत धरण्याच्या पापाची भीती घालून धर्मगुरूंनी भित्र्या माणसांना आणखी भित्रं केलं, हे खोटं नाही. एरफुर्टच्या मठातला तरुण ल्यूथर तासन् तास पापनिवेदन करत बसे, आठवेल ते सांगून झालं तरी काही राहिलं असेल म्हणून परत येई. अशा माणसाला ‘देवाला गृहीत धरू नकोस’ हे सांगणं म्हणजे तापात फणफणलेल्याला शेकोटीजवळ बसवणं. अक्वायनसला याची जाण होती. तो नैराश्याला गृहीत धरण्यापेक्षा मोठं पाप मानतो, कारण त्याच्या मते शिक्षेपेक्षा दया ही देवाच्या स्वभावाला जास्त धरून आहे. दयेवर प्रमाणाबाहेर विसंबणारा निदान तिच्याकडे तोंड करून तरी उभा असतो. म्हणून ही शिकवण कोणाला सांगायची याला महत्त्व आहे. ती वेदीपाशी बसणाऱ्यांना सांगायची, दाराशी घुटमळणाऱ्यांना नाही. बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं.

उलटं होण्याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या प्रश्न विचारू लागल्या: त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल, चर्चच्या पंथभेदांबद्दल, बिशपांच्या अधिकाराबद्दल. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावरही हिंदुस्थानातल्या बिशपांची हरकत आली. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना या प्रश्नांत गर्व दिसला. कालची ख्रिस्ती झालेली बाई शतकानुशतकांच्या शिकवणीची छाननी करते म्हणजे काय! रमाबाईंचं म्हणणं असं, की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड आपण मोठ्या कष्टाने झुगारून आलो, लगेच दुसरं तसलंच मानेवर घ्यायची आपली तयारी नाही. हा पत्रव्यवहार वाचताना रूआँची खोली आठवते. प्रश्न विचारणाऱ्याने देवाला गृहीत धरलेलं नसतं, म्हणून तर तो विचारतो. देवाचं मुखत्यारपत्र आपल्याकडेच आहे असं ज्याला वाटतं, त्याला मात्र समोरच्याचा प्रत्येक प्रश्न उद्धटपणाच वाटतो. शिकवणीचा असा गैरवापर होतो म्हणून ती टाकून द्या, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तिचा पहिला रोख अधिकाराच्या खुर्चीकडे नसेल तर ती टाकली काय आणि ठेवली काय.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. देवाच्या मनातलं कळत नाही म्हणून हात बांधून बसायचं काय? कृती तर करावीच लागते, आणि चुकीचीही होते. बोनहोफर हिटलरविरुद्धच्या कटात उतरला तो आपलं कृत्य निष्पाप आहे असा दावा न करता, निवाडा देवावर सोडून. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. दुसरं उदाहरण कमी वीरश्रीचं आहे आणि म्हणूनच मला जास्त उपयोगाचं वाटतं. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फासावर लटकवलं, एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. अमक्याचं भूत रात्री येऊन मला टोचतं, असली साक्ष ग्राह्य धरली गेली, कारण देव निष्पाप माणसाचं रूप सैतानाला घेऊ देणार नाही असं न्यायालयाने गृहीत धरलं होतं. पाच वर्षांनी, १४ जानेवारी १६९७ या सार्वजनिक उपासाच्या दिवशी, त्या न्यायालयातला एक न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल बॉस्टनच्या चर्चमध्ये आपल्या जागी उठून उभा राहिला, आणि दोष व शरम आपण स्वतःकडे घेत आहोत, असा त्याचा कबुलीजबाब पाळकाने सगळ्या मंडळीसमोर वाचला. तो वाचून होईपर्यंत स्यूअल उभा होता. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन तेव्हा वसाहतीचा हंगामी गव्हर्नर होता. त्याने कधीच माफी मागितली नाही. १७०१ मध्ये तो वारला. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका इमारतीला त्याचं नाव आहे.